नाममुद्रा आणि पत्ता : खेळकर्त्याच्या श्रेयाचा एक पूर्वेतिहास

१

कृतीवर कर्त्याचे नाव असणे आणि त्या नावावरून कर्त्याच्या घरापर्यंत पोहोचता येणे, या दोन गोष्टी आपण बहुधा एकच मानून चालतो. मराठी वाङ्मयेतिहासात मात्र त्या दीर्घकाळ वेगळ्या राहिल्या आहेत. नाममुद्रा, टोपणनाव, संपादकाकडे ठेवलेले खरे नाव अशा रूढ व्यवस्थांमुळे कर्त्याला श्रेय घेता येत असे आणि स्वतःचे खाजगी जीवनही राखता येत असे. या व्यवस्था कशाच्या आधारावर उभ्या होत्या आणि तो आधार कोठे ढासळला, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या प्रश्नाचे निमित्त नवे आहे. संगणकीय खेळ ही आज एकट्या व्यक्तीला घरी बसून घडवता येण्याजोगी निर्मिती झाली आहे. कथा, चित्र, संगीत, नियम आणि संगणकाची आज्ञावली हे सारे एकाच व्यक्तीच्या हातून होऊ शकते. कांदिवलीसारख्या उपनगरात, चारकोपच्या बैठ्या घरांत किंवा ठाकूर व्हिलेजच्या इमारतींत, असा खेळ रचणाऱ्या तरुण व्यक्तीचे कार्यालय म्हणजे तिचे राहते घरच असते. खेळाच्या शेवटी येणाऱ्या श्रेयनामावलीत तिने कोणते नाव घालावे? खरे नाव घातले तर ते इमारतीच्या तळमजल्यावरील नामफलकाशी जुळते. न घातले तर कृती अनाथ होते. समीक्षकाला हा पेच परका वाटण्याचे कारण नाही. तो ग्रंथकर्तृत्वाचाच जुना पेच आहे.

२

प्रथम खेळांचा पूर्वेतिहास पाहू. आपल्याकडे खेळ हा प्रायः कर्त्यावाचूनचा प्रकार राहिला आहे. पुण्य-पापाच्या घरांतून मोक्षाकडे नेणारा, शिड्या-सापांचा मोक्षपट महाराष्ट्रात परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जातो. उपलब्ध पट ज्ञानेश्वरांच्या काळानंतर कित्येक शतकांनी तयार झालेले आहेत आणि या श्रेयाला समकालीन पुरावा नाही. तरीही हे श्रेयारोपण अर्थपूर्ण आहे. कर्ता अज्ञात असलेली कृती समाज फार काळ तशी राहू देत नाही. तो तिच्यावर एखादे आदरणीय नाव ठेवतो. त्यामुळे कृतीला प्रतिष्ठा मिळते, परंतु ज्याने प्रत्यक्ष पहिला पट आखला तो कायमचा पुसला जातो.

सावंतवाडीच्या गंजिफाची स्थिती याहून फार वेगळी नाही. दशावतारी गंजिफाचे पत्ते रंगवणारे चितारी पत्त्यावर सहसा स्वतःचे नाव घालीत नसत. या कलेची ओळख गावाच्या आणि तिला आश्रय देणाऱ्या राजघराण्याच्या नावाने झाली.

याउलट, खेळांविषयीच्या ग्रंथांना मात्र कर्ता असतो. त्रिवेंगडाचार्यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ १८१४ साली मुंबईत इंग्रजी रूपात छापला गेला तो त्यांच्या नावानिशी. औरंगाबादच्या हरिकृष्ण या ज्योतिर्विदांनी १८७१ साली रचलेल्या ‘बृहज्ज्योतिषार्णवा’तील ‘क्रीडाकौशल्य’ या भागात अनेक खेळांचे नियम आहेत. संकलक म्हणून हरिकृष्णांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. त्या खेळांच्या रचनाकारांचे नाही. लिहिणाऱ्याला नाव मिळते आणि घडवणाऱ्याला मिळत नाही, अशी ही श्रेणी आहे. कांदिवलीचेच उदाहरण घ्यावयाचे तर, तेथे सापडलेल्या प्राचीन दगडी हत्यारांची नोंद के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याच्या नावाने होते, कारण १९३९ साली त्यांविषयीचा निबंध त्याने प्रसिद्ध केला. हत्यार घडवणाऱ्याच्या नावाचा तेथे प्रश्नच येत नाही. ज्ञानाच्या व्यवहारात नाव चिकटते ते नोंद करणाराला.

औद्योगिक काळात ही उपेक्षा धोरण बनली. लिझी मॅगी या अमेरिकन स्त्रीने जमीनमालकीच्या अन्यायावर बोट ठेवणाऱ्या आपल्या खेळाचे एकस्व १९०४ साली मिळवले होते. त्याच खेळाचे वंशज रूप १९३५ पासून ‘मोनोपॉली’ म्हणून विकले गेले, ते चार्ल्स डॅरो या गृहस्थाच्या नावाने. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेला ‘व्यापार’ हा त्या वंशातलाच पट. त्यावर मुंबईतील भागांची नावे आली, पण ते देशीकरण कोणी केले हे खेळणाऱ्यांच्या पिढ्यांना कधी कळले नाही.

संगणकीय खेळांच्या आरंभी अटारी कंपनी आपल्या रचनाकारांची नावे खेळावर छापीत नसे. या धोरणाला कंटाळून चौघा रचनाकारांनी बाहेर पडून १९७९ साली ॲक्टिव्हिजन कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला आणि तेथे कर्त्याचे नाव खेळावर झळकू लागले. वॉरन रॉबिनेट याने वेगळी वाट धरली. १९८० च्या सुमारास बाजारात आलेल्या ‘ॲडव्हेंचर’ या खेळात त्याने एक गुप्त दालन रचले. एक जेमतेम दिसणारा ठिपका उचलून योग्य ठिकाणी नेला की ते दालन उघडे आणि पडद्यावर निर्मात्याचे नाव उमटे. कंपनीला याचा पत्ता नव्हता. १९८० च्या दशकातील जपानी कंपन्यांनी आणखी एक उपाय शोधला : आपले कुशल रचनाकार प्रतिस्पर्ध्यांनी पळवू नयेत म्हणून श्रेयनामावलीत खऱ्या नावांऐवजी टोपणनावे घालावयाची. कॅपकॉमच्या ‘मेगा मॅन’ (१९८७) या खेळात केइजी इनाफुने याचे नाव ‘इनाफकिंग’ असे येते.

अटारीने नाव नाकारले, कॅपकॉमने नावाला मुखवटा दिला. दोहोंत निर्णय मालकाचा होता. म्हणून टोपणनावाचे मूल्य ठरवताना नाव खरे की खोटे, एवढेच विचारून भागत नाही. ते कोणी ठरवले आणि उघड करण्याचा अधिकार कोणाकडे राहिला, हे विचारावे लागते. या कसोटीवर मराठी परंपरा कोठे उतरते?

३

संतकाव्यातील नाममुद्रा ही या परंपरेची पहिली मोठी संस्था. अभंगाच्या अखेरच्या चरणात कवीचे नाव गुंफले जाते. ते पोथीच्या मुखपृष्ठावर नसून पद्याच्या छंदात बसलेले असते, त्यामुळे मौखिक प्रसारात कृती कोठेही गेली तरी श्रेय तिच्यासोबत जाते. जनाबाईसारख्या दासीला आणि चोखामेळ्यासारख्या, ज्याला मंदिरात प्रवेश नव्हता अशा कवीला हीच मुद्रा कर्तृत्व मिळवून देते. रॉबिनेटने खेळाच्या पोटात लपवलेले नाव आणि अभंगाच्या पोटातील मुद्रा यांत साम्य आहे ते एवढेच की, दोन्ही नावे कृतीपासून विलग करणे कठीण आहे. मुद्रा लपलेली नसते, हा फरक मोठा आहे.

परंतु मुद्रेची मर्यादाही परंपरेने ओळखली होती. मुद्रा उसनी घेता येते आणि बदलताही येते. सालोमालोने तुकोबांच्या अभंगांत आपली मुद्रा घातल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटाने ती सर्वतोमुखी केली. नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या रचना वेगळ्या काढताना संशोधकांना जे सायास पडले ते नाममुद्रा समान असल्यामुळेच. मुद्रा श्रेय सांगते, पण त्या श्रेयाची शहानिशा करणारी नोंद तिच्यापाशी नसते.

मुद्रणयुगात ही नोंद ठेवणारा तिसरा पक्ष निर्माण झाला : संपादक आणि प्रकाशक. गोपाळ हरि देशमुख हे सरकारी नोकरीत असताना १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रातून ‘लोकहितवादी’ या नावाने लिहीत होते. ‘शतपत्रां’तील टीका स्वसमाजाच्या वर्मावर होती. तिला उत्तर देणाऱ्यांना ‘लोकहितवादी’ हे नाव पुरेसे होते. देशमुखांच्या घराचा पत्ता त्या वादासाठी आवश्यक नव्हता. नाव सातत्याने एकच राहिल्यामुळे त्यामागे एक वैचारिक व्यक्तिमत्त्व उभे राहिले आणि त्या व्यक्तिमत्त्वाला जाब विचारता येऊ लागला. टोपणनाव म्हणजे जबाबदारीतून पळवाट, हा आक्षेप या उदाहरणापुढे टिकत नाही. जबाबदारी बुडते ती नाव दर वेळी बदलल्याने.

एकाच व्यक्तीने अनेक नावे घेण्यालाही मराठीत वाङ्मयीन कारणे मिळाली. राम गणेश गडकरी नाटकाला गडकरी, कवितेला गोविंदाग्रज आणि विनोदाला बाळकराम होते. येथे गोपनीयतेचा प्रश्नच नव्हता. तिन्ही नावे एकाचीच हे वाचक जाणून होते. नाव हे व्यक्तीपेक्षा लेखनव्यवहारातील एका स्थानाला दिलेले असते, हे यातून दिसते. ‘लेखक म्हणजे काय?’ (१९६९) या व्याख्यानात मिशेल फूको याने लेखकनामाचे जे प्रकार्य वर्णिले आहे, त्याचे हे देशी उदाहरण म्हणता येईल. फूकोचे आणखी एक निरीक्षण आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे : लेखनाला कर्ता चिकटवला गेला तो, लेखक दंडनीय होऊ शकत होता म्हणूनही. नाव श्रेय देते, तसेच शिक्षा करणाऱ्याला दिशाही दाखवते. याच फूकोने १९८० साली ‘ल मोंद’ला दिलेल्या एका मुलाखतीत आपले नाव देण्याचे टाळले होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

४

या परंपरेची सर्वांत कठोर परीक्षा झाली ती १९३३ साली. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न लांबलेल्या मुलींची घुसमट, त्यांच्या कमाईवर अवलंबून राहणारी घरे आणि त्यांच्या देहमनाच्या इच्छा, यांविषयी एका स्त्रीने इतक्या उघडपणे लिहावे, हे अनेकांना सहन झाले नाही. गदारोळ झाला. ही विभावरी कोण, याच्या चर्चेने पुस्तकाच्या चर्चेवर कित्येकदा मात केली.

त्या वेळी अठ्ठावीस वर्षांच्या असलेल्या लेखिकेचे नाव बाळूताई खरे. शिक्षणक्षेत्रात काम करणारी ती अविवाहित स्त्री होती. ‘अलंकारमंजूषा’सारखे अभ्यासग्रंथ तिने स्वतःच्या नावाने लिहिले होते. विद्वत्तेसाठी खरे नाव चालत होते; कथेसाठी चालणार नव्हते, कारण कथेतील प्रत्येक इच्छा लेखिकेच्या चारित्र्यावर वाचली गेली असती. १९३८ साली विश्राम बेडेकरांशी विवाह झाल्यावर त्या मालती बेडेकर झाल्या. तीन नावांपैकी खरे हे पित्याकडून आले, बेडेकर हे विवाहाने आले. स्वतः निवडलेले नाव एकच, विभावरी शिरूरकर.

या निवडलेल्या नावाची घडण पाहण्याजोगी आहे. मराठी माणसाचे संपूर्ण नाव म्हणजे एक सामाजिक पत्ताच असतो. स्वतःचे नाव, पित्याचे वा पतीचे नाव आणि आडनाव एवढे कळले की जात, पुष्कळदा गाव आणि स्त्रीच्या बाबतीत तिची वैवाहिक स्थिती कळते. ‘विभावरी शिरूरकर’मध्ये पिता नाही, पती नाही. आडनावात शिरूर हे गाव मात्र आहे. म्हणजे लेखिकेने आपला भूगोल राखला आणि वंशावळ गाळली. वाचकाला ही स्त्री कोणत्या जगातून बोलते हे कळावे, पण तिच्या दारावर कोणी जाऊ नये, इतकी मोजून मापून केलेली ही रचना आहे.

खरे नाव पुढे उघड झाल्यावरही हे नाव बाद झाले नाही. ‘बळी’ (१९५०) ही गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीतील जीवनावरची कादंबरी विभावरी शिरूरकर याच नावाने आली. ‘खरेमास्तर’ (१९५३) या पित्याच्या जीवनावरील पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तर लेखिकेचे टोपणनाव आणि शीर्षकात तिचे माहेरचे आडनाव एकत्र आले. एवढ्या काळात ‘विभावरी’ हे नाव आश्रयस्थानाकडून वाङ्मयीन प्रतिष्ठेकडे सरकले होते. टोपणनाव घेणे, ते पेलणे, ते शिथिल करणे आणि गरज सरल्यावरही अभिमानाने ठेवणे, हा क्रम या उदाहरणात पुरा दिसतो.

मात्र १९३३ साली हे नाव टिकले कशामुळे, हा प्रश्न आपल्या समीक्षेने पुरेसा विचारलेला नाही. लेखिकेच्या धैर्याइतकेच त्यामागे एक भौतिक, कायदेशीर कारण होते. १८६७ च्या मुद्रण व पुस्तक-नोंदणी कायद्यानुसार प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ, तसेच प्रकाशकाचे नाव व प्रकाशनस्थळ छापणे बंधनकारक होते. सरकारी सूचीत ग्रंथकाराचे नाव नोंदवण्याची तरतूद असली, तरी वाचकाच्या हाती पडणाऱ्या प्रतीवर ते छापण्याची सक्ती नव्हती. कायद्याला पत्ता हवा होता, तो प्रकाशकाने दिला. ‘कळ्यांचे निःश्वास’च्या बाबतीत तो ह. वि. मोटे यांनी दिला. संतापलेल्या वाचकाचे पत्र प्रकाशकाकडे जाई. लेखिकेच्या दारापर्यंत जात नसे. टोपणनावाच्या मराठी परंपरेचा खरा आधार हाच होता : श्रेय एकाचे आणि पत्ता दुसऱ्याचा.

५

आता कांदिवलीतल्या खेळकर्तीकडे परत येता येईल. तिची अडचण टोपणनाव न सुचण्याची नाही. तिच्याकडे प्रकाशक नाही. लेखक आणि प्रकाशक या दोन्ही भूमिका तिच्या एकटीवर आल्या आहेत आणि म्हणून पत्ता देण्याचे दायित्वही तिच्यावरच येते. गूगल प्ले या बाजारपेठेच्या २०२३ पासूनच्या नियमांनुसार वैयक्तिक खात्यावरून खेळ देणाऱ्याचे कायदेशीर नाव आणि देश ग्राहकांना दाखवला जातो. खेळातून पैसे मिळवले तर पूर्ण पत्ताही. ग्राहकसंरक्षणाच्या दृष्टीने या नियमामागे तर्क आहे. फसवणूक झालेल्या ग्राहकाला कोणाकडे जावे हे कळले पाहिजे. १८६७ च्या कायद्याचा तर्कही याच जातीचा होता. परंतु तो कायदा छापखान्यांच्या आणि प्रकाशनसंस्थांच्या काळातला. दुकानाचा पत्ता आणि शयनगृहाचा पत्ता एकच असेल, ही शक्यता त्याच्यासमोर नव्हती.

ही भीती काल्पनिक नाही. २०१४ साली अमेरिकेत काही स्त्री-खेळकर्त्यांविरुद्ध छळाची मोहीम उघडली गेली, घरचे पत्ते प्रसृत झाले आणि त्यांतील काहींना घर सोडून जावे लागले. १९३३ साली पुण्या-मुंबईच्या वाचकांना ‘विभावरी कोण?’ हे शोधण्यास वेळ लागला होता. आज तो शोध काही मिनिटांचा असू शकतो. मुखपृष्ठावर टोपणनाव घातले तरी खेळाच्या फाइलींत, ज्या संगणकावर तो तयार झाला त्यातील वापरकर्त्याचे नाव राहून जाते. चित्रांच्या फाइलींतून स्थळ आणि वेळ निसटते. जुन्या खात्याचे छायाचित्र नव्या नावाला चिकटते. जुन्या काळी हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून मजकूर दुसऱ्याकडून उतरवून घेता येई. आज्ञावली आणि फाइली साफ करणे हे त्याच सावधगिरीचे आजचे रूप आहे आणि खेळाच्या निर्मितिप्रक्रियेत त्याला संपादनाइतके स्थान मिळाले पाहिजे.

कायद्याची भूमिका येथे वाटते त्याहून अनुकूल आहे. १९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्यात संगणकीय आज्ञावलीचा समावेश वाङ्मयीन कृतींत होतो. त्याच्या २३ व्या कलमात निनावी व टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या कृतींचा स्वतंत्र विचार आहे : त्यांचा प्रताधिकार प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो, आणि त्या मुदतीत कर्त्याची ओळख उघड झाली तर तो कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत जातो. कर्तृत्वाचा दावा करण्याचा हक्क ५७ व्या कलमाने दिला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. श्रेय आणि खाजगीपणा यांपैकी एकच निवडावे असे कायदा सांगत नाही. तशी सक्ती होते ती वितरणाच्या व्यवस्थेमुळे.

आणि ती व्यवस्था सर्वत्र सारखीही नाही. स्टीमसारख्या बाजारपेठेत कर आणि बँकव्यवहारासाठी कायदेशीर नाव घेतले जाते, पण खेळाच्या पानावर निर्मात्याने निवडलेले नाव दिसते. ह. वि. मोट्यांच्या दप्तरातील नोंदीचे हे यांत्रिक रूप मानता येईल : खरे नाव कोणाला तरी ठाऊक आहे, आणि तरीही ते सर्वांना ठाऊक नाही. जबाबदारीसाठी एवढे पुरते. १८६७ चा कायदा आता इतिहासजमा झाला आहे. त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या, मार्च २०२४ पासून अमलात आलेल्या कायद्याने पुस्तकांना आपल्या कक्षेतून वगळले. पुस्तकावरील पत्त्याची ती जुनी सक्ती संपत असतानाच खेळकर्त्यांवर अधिक कडक सक्ती यावी, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

६

या विवेचनाविरुद्ध एक गंभीर आक्षेप घेता येईल. रोलाँ बार्थने ‘लेखकाचा मृत्यू’ जाहीर केल्यानंतर, संहितेला स्वायत्त मानणाऱ्या समीक्षेने कर्त्याच्या नावाची इतकी चिंता का वाहावी? कृती खेळली जाते, नाव कोणतेही असो. याचे उत्तर असे की, ज्यांची नावे प्रस्थापित झाली त्यांच्याच मृत्यूची घोषणा करता येते. मोक्षपट आखणारा, गंजिफा रंगवणारा चितारी, ‘व्यापारा’चा देशी रूपकार यांना लेखक म्हणून जन्मच मिळाला नव्हता. खेळ या प्रकाराला कर्तृत्व अगदी अलीकडे मिळाले आहे. ते मिळताच भीतीपोटी खेळकर्त्यांनी, विशेषतः स्त्रियांनी आणि आडनावावरून ओळखल्या जाणाऱ्या दलित तरुणांनी निनावी राहणे पसंत केले, तर खेळांच्या भावी इतिहासात पुन्हा कंपन्यांची आणि आश्रयदात्यांचीच नावे उरतील.

म्हणून निनावीपणा आणि टोपणनाव यांतील भेद ठामपणे धरणे आवश्यक आहे. खेळकर्त्याने एकच नाव निवडावे, ते प्रत्येक खेळाच्या श्रेयनामावलीत सातत्याने घालावे आणि कृतीच्या आतही मुद्रेप्रमाणे गुंफावे, म्हणजे कोणा सालोमालोला ते सहज पुसता येणार नाही. आपणच ते नाव धारण करतो याचा पुरावा, कच्चे आराखडे आणि दिनांकांसह, स्वतःपाशी जपावा. पत्त्याचे दायित्व घेणाऱ्या लहान प्रकाशनसंस्था किंवा खेळकर्त्यांच्या सहकारी संस्था निघाल्या पाहिजेत. सहकाराची एवढी परंपरा असलेल्या महाराष्ट्राला, आणि गृहनिर्माण संस्थांनी भरलेल्या कांदिवलीला, ही कल्पना अपरिचित वाटू नये.

वाङ्मयेतिहासकाराचे कामही यात आहे. विष्णुदास नाम्याच्या बाबतीत आपल्याला जो शोध घ्यावा लागला तो पुढील पिढ्यांना घ्यावा लागू नये, अशी इच्छा असेल तर ग्रंथालये आणि विद्यापीठे यांनी खऱ्या नावांच्या मुद्रांकित नोंदी, कर्त्याने ठरवलेल्या मुदतीपर्यंत न उघडण्याच्या अटीवर, स्वीकारण्याची सोय करावी. ही मुदत ठरवण्याचा अधिकार कर्त्याचा असेल. ‘विभावरी शिरूरकर’ या नावामागील व्यक्ती आज आपल्याला ठाऊक आहे आणि तरीही आपण ‘कळ्यांचे निःश्वास’ त्याच नावाने वाचतो, कारण त्या पुस्तकाची लेखिका तीच आहे.